मीठसाहेबाच्या बंगल्याचा भाव

"मना भिंत दाखवा, भाव नको," असं बायजाबाई एकदा पेणच्या भरबाजारात म्हणाली होती.

ती तेव्हा सुकटीच्या वाट्यावरून कोळणीशी हुज्जत घालत होती. घरांची दलाली करणारा एक ओळखीचा माणूस गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाय, मीठसाहेबाच्या बंगल्याचे तीस लाख मागतायत. तुझा हात लागलाय त्या भिंतींना. तीस लाख!" साल एकोणीसशे शहाण्णव. आकडा ऐकून कोळीण वाटा लावायची थांबली. बायजाबाईने त्याला ते उत्तर दिलं, आणि कोळीण थांबलीच आहे तर म्हणून वरची एक मूठ सुकट उचलून पिशवीत टाकली. आजूबाजूचे हसले. म्हातारी फटकळ आहे हे बाजाराला ठाऊकच होतं.

मात्र एक गोष्ट बाजाराला ठाऊक नव्हती. त्या बंगल्याची एक भिंत कशी आहे ते तिला माहीत होतं, आणि माहीत असून ती वर्षभर गप्प बसली होती.

बायजाबाईचं गाव जिते गावाच्या पलीकडे, खाडीला लागून. देश स्वतंत्र झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ऑगस्टात मिठागरं पावसाखाली बुडालेली असतात, त्यामुळे त्या दिवशी तिला काम नव्हतं, एवढंच तिला आठवायचं. पाऊस सरला, बांध कोरडे झाले, आणि मागच्या सालासारखीच ती बापामागून वाफ्यांवर गेली. बाप पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा. मग तिचं बोट धरून बुडवायचा आणि म्हणायचा, "बोल." ती चाखून सांगायची, आज नाय, परवा. परवा त्याच वाफ्यात मिठाची पांढरी साय धरायची. बापाने कधी शाबासकी दिली नाही. दुसऱ्या वर्षापासून त्याने स्वतः चाखणं सोडून दिलं, हीच काय ती शाबासकी.

तिला सून म्हणून निवडलं ते ठमाबाईने, तेही जिभेवरूनच. ठमाबाईच्या घरची चुन्याची भट्टी खाडीच्या काठावरच होती. मुलगी बघायला आलेल्या ठमाबाईने तिचा रंग पाहिला नाही, तिला चालायला लावलं नाही. दोन विहिरींचं पाणी दोन वाट्यांत ओतून पुढे ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या हिरीचं कुठलं?" बायजाने बरोबर सांगितलं. ठमाबाई मुलाला, कान्हूला, म्हणाली, "उठ. झालं."

त्या भट्टीत शिंपले जाळायचे. तिसऱ्यांचे, कालवांचे, गावातल्या बाया टोपल्या भरून आणून टाकायच्या. ते गोड्या पाण्यात तीन वेळा धुवायचे, लाकडावर थर देऊन भाजायचे, मग खड्ड्यात पाणी घालून विझवायचे. खड्ड्यातला चुना जितका जुना तितका चांगला. पेणची, रोह्याची कितीतरी घरं त्या चुन्यावर उभी राहिली. पण तिथली खरी विद्या जाळण्याची नव्हती, धुण्याची होती. चुन्यात किंवा रेतीत खाडीचं मीठ राहिलं की भिंत आतून सडते. वर्ष-दोन वर्षं बाहेरून काही दिसत नाही. मग गिलाव्यावर पांढरी लव फुटते, पापुद्रे सुटतात, बोट लावलं की पीठ गळतं. लोणा लागला म्हणतात.

म्हणून त्या बाजूच्या गावांत कुणी जुनं घर विकत घ्यायला निघालं की आधी ठमाबाईला बोलवायचं, अशी रीत होती. ती भिंतीला तीन ठिकाणी जीभ लावायची, गुडघ्याशी, कमरेशी आणि डोक्याशी. त्या दिवशी सकाळपासून तिच्या तोंडात मिठाचा कण जायचा नाही. अळणी पेज, तीही नुसती. चाखून झालं की ती एक शब्द बोलायची, गोडी किंवा खारी. विकणारा तिचा सख्खा भाऊ असला तरी तोच शब्द, आणि तो दोघांनाही मानावा लागायचा. ठमाबाई गेल्यावर हे काम कुणी न सांगता बायजाबाईकडे आलं.

मग सिमेंट आलं. भट्टी महिन्यातून पेटायची ती वर्षातून दोनदा पेटू लागली, एकदा दिवाळीच्या रंगकामासाठी आणि एकदा पानवाल्यांसाठी. कान्हू सिमेंटच्या नावाने बोटं मोडत मोडत वारला. मुलगा गोविंदा रोह्याच्या एका कंपनीत लागला. तो शिफ्ट करून घरी यायचा आणि जेवता जेवता म्हणायचा, "आये, धूर कशाला करतंस उगाच? बंद कर ती भट्टी." बायजाबाई त्याच्या ताटात भात वाढायची आणि दुसऱ्या दिवशी शिंपले धुवायला बसायची. एक पोतं विकलं जावो न जावो, खड्ड्यात चुना मुरत असलाच पाहिजे असा तिचा हट्ट होता. हा हट्ट कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्र्याण्णव साली रघुनाथ आला. चिखलात बूट रुतलेले, हातात कागदांची गुंडाळी. पेणचे विष्णुपंत वकील, त्यांचा हा मुलगा. ठाण्याला इंजिनिअर होता. पन्नास-एक्कावन्न साली सरकारी लिलावात विष्णुपंतांनी रामवाडीच्या वाटेवरचा बंगला घेतला होता. राणी व्हिक्टोरियाच्या काळात मिठाच्या खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाने तो बांधलेला, म्हणून लोकांच्या तोंडी मीठसाहेबाचा बंगला. पुढे त्यात कचेऱ्या आल्या, गेल्या, कौलं उडाली, वडाने मूळ धरलं. रघुनाथला तो पुन्हा होता तसा उभा करायचा होता.

"सिमेंट नको, बायजाबाई. मूळ चुना हवा," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही."

"हाव ना मी," ती म्हणाली. "बूट काढा आधी, शिंपल्यांत उभं हाव तुमी."

दोन वर्षं भट्टी विझली नाही. छपराच्या कडेची लाकडी झालर नव्याने कोरली, रंगीत काचा मुंबईहून आल्या, लोखंडी गोल जिना गंज खरवडून काळा कुळकुळीत केला. दिवाणखान्यात साहेबाने शेकोटीसाठी धुराडं बांधलं होतं. पेणच्या घामात शेकोटी! मजूर बाया त्या धुराड्यात डोकं घालून हसायच्या. "मेल्याला थंडी आठवत आसंल," बायजाबाई म्हणायची, आणि त्याचाही गिलावा तितक्याच मन लावून करायची. ती थापीने चुना चढवायची, मग गुळगुळीत गोट्याने घोटायची. एक भिंत घोटायला तिला चार दिवस लागायचे. त्या चार दिवसांत ती फार बोलायची नाही. हाताखाली भिंत हळूहळू गार होत जायची, आणि त्या गारव्यात आपला नवरा, सासू, बाप सगळे कुठेतरी आत बसलेले आहेत असं तिला वाटायचं.

अंगणात रेतीचे दोन ढीग होते. एक भोगावतीच्या पात्रातली धुतलेली रेती. दुसरा खाडीच्या रेतीचा. तो उघड्यावर दोन पावसाळे खायला ठेवायचा होता, तेव्हा कुठे त्यातलं मीठ निघून जाणार. दिसायला दोन्ही ढीग सारखेच.

अशात बायजाबाईची लेक चंद्रावती निडीला सासरी बाळंत झाली. आठ दिवसांसाठी म्हणून बायजाबाई गेली आणि बाळाच्या काविळीने बावीस दिवस अडकली. परत आली तेव्हा पश्चिमेची भिंत पुरी झाली होती. हिरामण कंत्राटदार खूश होता. रघुनाथला घाई होती, एका मासिकाचे लोक फोटो काढायला यायचे होते. बायजाबाईने अंगणात पाहिलं. खाडीचा ढीग अर्ध्यावर आला होता.

तिने त्या दिवशी मीठ खाल्लेलं होतं. तरीही भिंत खारट लागली.

"दादा, ही भिंत खरडून काढा," ती रघुनाथला म्हणाली. "दगडापर्यंत. दोन पावसाले तशीच ठेवा. मंग मी करतंय."

रघुनाथचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने भिंतीवरून हात फिरवला, हिरामणकडे पाहिलं, मग रंगीत काचांकडे. "इतकं काही कळत नाही हो बाहेरून," तो म्हणाला. "रंग देऊन टाकू." बाकीच्या सगळ्या भिंतींना चुन्याचा हात दिला होता. त्या एकीला पिवळट ऑइल पेंट लागला.

बायजाबाई गप्प बसली. रघुनाथचे अलिबागकडचे मित्र जुनी घरं घेत होते, तिकडे चुना लागणार होता. भट्टीला आणखी दोन वर्षं मिळत होती. ठमाबाई असती तर गप्प बसली नसती, हे तिला पहिल्या रात्रीच कळलं. पण मग रोजच कळत राहिलं, आणि रोज कळणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय होते.

बंगला पुरा झाला, मासिकात फोटो आले, आणि वर्षाने रघुनाथने तो विकायला काढला. मुलगी परदेशी गेली, बायको पेणला यायला तयार नाही, घर नुसतं पुसत कोण बसणार! तीस लाख. खरा चुना, जसंच्या तसं जुनं काम, म्हणून तीस लाख. मुंबईची दोन गिऱ्हाइकं पाहून गेली, आकडा ऐकून पुन्हा फिरकली नाहीत. मग रोह्याहून महिपती आला.

महिपती हा बायजाबाईच्याच गावच्या भाचीचा मुलगा, लांबच्या नात्याने तिचा नातूच, पण गावच्या रीतीने तिला मावशी म्हणायचा. कंपन्यांना मजूर पुरवता पुरवता मोठा झालेला. त्याचा आजा मिठागरात हमाली करायचा. मिठाचं वजन कमी भरलं म्हणून त्या वेळच्या साहेबाने त्याला याच बंगल्याच्या अंगणात उन्हात उभं केलं होतं, असं घरी सांगत. महिपतीने बंगला पाहिला, गोल जिना दोनदा चढला-उतरला, आणि रघुनाथला म्हणाला, "तीस देतो. एक रुपया कमी करायला सांगत नाय. पण आमच्यात रीत हाय. बायजामावशी भिंती चाखेल. ती गोडी बोलली की मी सही करतो."

रघुनाथ दुसऱ्याच दिवशी भट्टीवर आला. या वेळी बूट त्याने लांबच काढले.

"मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही, बायजाबाई," तो म्हणाला. "फक्त पश्चिमेच्या भिंतीशी फार थांबू नका."

ती शिंपले धूत होती. धूतच राहिली.

"अलिबागची चार घरं आहेत. तीन वर्षांचं काम. मी शब्द टाकलाय तुमच्यासाठी. नाहीतर ते लोक राजस्थानातून चुना आणतायत, पिशव्यांतून." त्याने भट्टीकडे पाहिलं. "हा सौदा मोडला तर मला कोण विचारणार? आणि मला नाही विचारलं तर तुम्हाला कोण?"

त्यात खोटं काही नव्हतं. भट्टीच्या तोंडाशी शेवटची लाकडं रचलेली होती. पुढचं काम मिळालं नाही तर ही लाकडं पेटणार नव्हती. गोविंदा ती चुलीसाठी घरी नेणार होता. तसं तो बोललाही होता.

"उंद्या येतंय," बायजाबाई एवढंच म्हणाली.

सकाळी तिने पेजेत मीठ घातलं नाही. सून सरू ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने ते पाहिलं.

"अलनी?" सरू म्हणाली. "कुनाचा बंगला चाटाया निघालाव, आत्या?"

"तुज्या बापाचा."

"माज्या बापाचं घर कुडाचं हाय, जीभ सोलून निघंल." सरू हसली, मग हसायची थांबली. "आत्या, खारी बोललाव तर भट्टी गेली ना?"

"गेली."

"आन गोडी बोललाव तर?"

बायजाबाईने पेजेची वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. "तर जीभ गेली," ती म्हणाली. "ऊठ, मना लुगडं दे ते हिरवं."

बंगल्यावर दोघं वाट पाहत होते. महिपतीच्या कमरेला पेजर होता, तो मधूनमधून वाजायचा आणि प्रत्येक वेळी तो त्याच्याकडे कौतुकाने बघायचा. तो वाकून पाया पडला. "मावशे, बारीक झालीस गो."

"तू नाय झालास."

ती पूर्वेच्या भिंतीपासून सुरू झाली. गुडघ्याशी, कमरेशी, डोक्याशी. गोडी. उत्तरेची गोडी. धुराड्याची भिंत गोडी. प्रत्येक शब्दाला रघुनाथ मान हलवत होता. या भिंती तिच्या होत्या. त्यांना जीभ लावताना तिला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आपल्या लेकराचा घाम पुसावा तसं. मग ती पश्चिमेला आली. खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन येऊन पिवळ्या रंगावर पडलं होतं. भिंत नुसती चमकत होती.

"हिलाच तेवढा ऑइल पेंट का?" महिपतीने विचारलं.

"शोभेसाठी," रघुनाथ म्हणाला.

बायजाबाईने पिशवीतून थापी काढली. गुडघ्याशी रंगाचा रुपयाएवढा पापुद्रा उडवला, मग कमरेशी, मग डोक्याशी. रघुनाथ "अहो" म्हणत एक पाऊल पुढे आला. तिने वाकून जीभ लावली. वर आली, पुन्हा लावली. टाचा उंचावून तिसऱ्यांदा लावली. तीन ठिकाणी तीच चव. मिठागरातल्या वाफ्याची, साय धरायच्या आदल्या दिवसाची.

"खारी," ती म्हणाली.

एक ओझं खाली ठेवावं तशी ती भिंतीला पाठ लावून बसली. "वरीसभर मना ठावं हाय. दादांना पन ठावं हाय. मी बोलली नाय ती चूक माजी. ही खरडायची. दोन पावसाले उघडी ठेवायची. मंग मी करून देतंय, मजुरी नको मना. मंग घे तू बंगला, महिपती. मंग तीस दे."

रघुनाथ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या मानेवर घाम आला होता. बायजाबाईला वाटलं, आता महिपती चिडेल. आजाच्या उन्हाचं नाव काढेल. फसवत होतात म्हणून ओरडेल, निघून जाईल. जाऊ दे. तिने मनातल्या मनात भट्टीचं तोंड विटांनी बंद करूनही टाकलं.

महिपती हसला. मोठ्याने, पोट हलवून हसला.

"सव्वीस," तो रघुनाथला म्हणाला.

रघुनाथ वळला. "काय?"

"सव्वीस. मावशीची जीभ हाय, गावात कुनी खोटी पाडनार नाय. तुमी दुसरं गिऱ्हाईक आना, मी सांगतो त्याला पश्चिमेची भिंत चाखून बघ."

"भिंत दुरुस्त करायला चार लाख लागत नाहीत."

"भिंत कोन दुरुस्त करतंय?" महिपतीने तो उडालेला पापुद्रा बोटाने पुन्हा दाबून बसवायचा प्रयत्न केला. "अजून एक हात पेंट मारायचा. मी काय इथं राहाया येतोय? दीड वर्षात हायवेला भाव चढेल, मुंबईचा कुनी शेट येईल, झालर बघेल, जिना बघेल. चाळीस देईल."

"सत्तावीस," रघुनाथ म्हणाला. त्याचा आवाज आता मोकळा झाला होता.

"साडेसव्वीस. आन दिवे-पंखे सगले इथंच ठेवायचे."

रघुनाथने हात पुढे केला. महिपतीने तो दोन्ही हातांनी धरला. बायजाबाई खाली बसून त्या चार हातांकडे बघत होती. तिचा खरा शब्द त्या हातांच्या मध्ये कुठेतरी होता, साडेतीन लाखांचा झाला होता.

"बघा बायजाबाई," रघुनाथ तिच्याकडे वळून म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर खरोखरच माया होती, "कुणाचंच वाईट झालं नाही. अलिबागचं मी बोललो होतो ते कायम. भट्टी पेटू द्या."

"आन माज्याकडून पन," महिपती म्हणाला. "कंपनीच्या कॉलनीला रंगाचा चुना लागतो, सगला तुज्याकडून. गोविंदाला पर्मनंट करून घेतो. फक्त एक." तो तिच्यापुढे उकिडवा बसला, लाडात आलेल्या पोरासारखा. "मुंबईचा शेट येईल तेव्हा तुलाच बोलवीन. लोकांना आवडतं गो असलं, म्हातारी येते, भिंत चाखते. त्या दिवशी पोटभर सुकट खाऊन ये, मावशे. म्हनजे तुला सगलीच भिंत गोडी लागंल."

रघुनाथही हसला. वाईट हेतूने नाही, सुटल्यासारखा हसला.

बायजाबाईने जमिनीला हात टेकले आणि उठली. तिने थापी लुगड्याच्या सोग्याला पुसली, पिशवीत ठेवली.

"मावशे? येशील ना? व्हय बोल की."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग रघुनाथकडे पाहिलं, इतका वेळ की त्याने नजर खाली केली. तीन वर्षांचं काम, गोविंदाची नोकरी, पेटती भट्टी, सगळं तिच्या एका शब्दावर त्या खोलीत उभं होतं, आणि दोघंही तो शब्द ऐकायला थांबले होते.

"बायजाबाई, अहो, चहा तरी," रघुनाथ म्हणाला.

ती दोघांच्या मधून चालत गेली. व्हरांड्यात तिने चपला पायात सरकवल्या. मागून पेजर वाजला, महिपतीने पुन्हा हाक मारली, आता जरा चढ्या आवाजात. ती पायऱ्या उतरली, दुपारच्या उन्हातलं अंगण ओलांडलं, फाटक उघडलं आणि मागे न बघता, तो शब्द न देताच बाहेर पडली.